व्हिएन्ना, सिंगापूर, ब्रिटन: सार्वजनिक घरे बांधून झाल्यावर ती कोणाच्या हाती राहतात?

प्रश्न: कन्नमवारनगरकर

विक्रोळीच्या ज्या वसाहतीत मी लहानाचा मोठा झालो, तिथल्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा सध्या जोरात आहे, आणि त्या निमित्ताने होणाऱ्या बैठकांत परदेशांतील सार्वजनिक घरबांधणीचे दाखले वारंवार दिले जातात. व्हिएन्ना आणि सिंगापूर ही दोन नावे तर एका दमात घेतली जातात. माझ्या थोड्याफार वाचनावरून मात्र या दोन शहरांनी जवळजवळ विरुद्ध वाटा धरल्या असे दिसते. व्हिएन्नात नगरपालिका घर भाड्याने देते आणि मालकी स्वतःकडे ठेवते. सिंगापुरात सरकार घर बांधून ते नागरिकाला ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकते. तरीही दोन्हीकडे सामान्य पगारदार माणसाला शहराच्या आत चांगले घर मिळू शकते. उलट ब्रिटनने दोन्ही महायुद्धांनंतर प्रचंड प्रमाणावर घरे बांधली आणि तिथल्या प्रतीक्षायादीत आज लाखो कुटुंबे आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. या देशांनी जमीन कशी मिळवली? पैसा कोठून आला आणि अजूनही कोठून येतो? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न म्हणजे, चाव्या हाती दिल्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी त्या इमारतीच्या लिफ्टचे, गच्चीचे, मलवाहिन्यांचे काय होते आणि तो खर्च कोण उचलतो? आपल्याकडे चर्चा चौरस फुटांपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. त्या त्या देशात राहणाऱ्या किंवा या क्षेत्रात काम केलेल्या सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: मृण्मयी_व्हिएन्ना

मी नोकरीनिमित्त व्हिएन्नात स्थायिक आहे आणि मर्यादित नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या एका गृहसंस्थेच्या इमारतीत भाड्याने राहते, त्यामुळे इथली बाजू मी मांडते.

व्हिएन्नाचे कौतुक बहुधा कार्ल-मार्क्स-होफच्या छायाचित्रापासून सुरू होते. कार्ल एन या वास्तुविशारदाने आखलेली, १९३० साली पुरी झालेली, एक किलोमीटरहून अधिक लांबीची आणि १,३८२ घरांची ती इमारत खरोखर भव्य आहे. भूखंडाचा जेमतेम पाचवा हिस्सा बांधकामाखाली आहे, उरलेल्या जागेत बागा आणि अंगणे आहेत, आणि धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या व वाचनालय या सोयी आरंभापासून आराखड्यातच होत्या. पण तिच्या आधी घडलेल्या दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय ती इमारत कशी उभी राहिली हे कळत नाही.

पहिली गोष्ट जमिनीची. १९१७ साली युद्धकाळात सरकारने घरभाडी गोठवली. युद्धानंतरच्या भयंकर चलनवाढीत त्या गोठलेल्या भाड्यांना काही किंमतच उरली नाही, त्यामुळे भाड्यासाठी घरे बांधण्याचा खासगी धंदा बसला आणि जमिनीचे भाव कोसळले. त्या बाजारात मोठा ग्राहक एकच उरला होता, तो म्हणजे नगरपालिका, आणि तिने जमीन घेण्याची ही संधी दवडली नाही. दुसरी गोष्ट कराची. १९२२ च्या आरंभी व्हिएन्नाला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबर स्वतःचे कर बसवण्याचा अधिकारही मिळाला. शहराचे वित्तप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ पासून गृहनिर्माण कर लागू केला. तो सर्वांना होता, पण इतका चढत्या दराचा होता की सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का मालमत्तांतून जवळजवळ ४५ टक्के उत्पन्न येत असे. शहराने कर्ज काढून घरे बांधली नाहीत, करातून बांधली, त्यामुळे भाड्यात व्याजाचा बोजा नव्हता आणि भाडे केवळ देखभालीपुरते ठेवता आले. ‘गृहनिर्माण कराच्या निधीतून नगरपालिकेने बांधली’ अशा अर्थाची ओळ आजही त्या इमारतींच्या भिंतींवर ठळक अक्षरांत वाचायला मिळते, आणि येणाजाणाऱ्याला आपल्या कराचे काय झाले हे रस्त्यावरूनच दिसते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

१९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत यादवी पेटली, कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागल्या गेल्या आणि निवडून आलेली नगरपालिका बरखास्त झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकाम पुन्हा सुरू झाले ते आजवर कमी-अधिक वेगाने चालू आहे. आता शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत, आणि मी राहते तशा मर्यादित नफ्याच्या संस्थांची आणखी सुमारे दोन लाख. वीस लाखांच्या या शहरात जवळजवळ निम्मे लोक या दोहोंपैकी एका प्रकारच्या घरात राहतात.

या संस्थांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बाहेर त्यांची फारशी माहिती नसते. कायद्याने त्यांना घराच्या प्रत्यक्ष खर्चावर आधारलेलेच भाडे आकारता येते, नफा वाटण्यावर कडक मर्यादा असते, आणि शिल्लक राहील ती पुन्हा बांधकामात घालावी लागते. इमारतीचे कर्ज फिटले की भाडे खाली येते, पण ते शून्यावर येत नाही: एक मूळ दर आणि देखभालीचा स्वतंत्र हिस्सा कायम राहतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे इथले उत्तर तेच आहे. हा देखभालीचा पैसा भाडेकरू पहिल्या दिवसापासून देतो, तो वेगळा ठेवला जातो, आणि ठरावीक काळात खर्च झाला नाही तर परत करावा लागतो. घरात शिरताना भाडेकरू काही रक्कम एकदाच भरतो आणि घर सोडताना दर वर्षाला एक टक्का घट धरून ती त्याला परत मिळते.

आज पैसा दोन वाटांनी येतो. नोकरदाराच्या पगारातून आणि मालकाकडून मिळून पगाराच्या ठरावीक टक्क्याची वर्गणी अनेक दशके घेतली जात आहे, आणि जुन्या सवलतीच्या कर्जांचे परत येणारे हप्तेही पुन्हा याच कामाला लागतात. जमिनीसाठी १९८४ पासून शहराचा स्वतंत्र निधी आहे, जो वर्षानुवर्षे आधी जमीन घेऊन ठेवतो आणि मग मोठ्या भूखंडांसाठी विकासकांची स्पर्धा घेतो. १९९५ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत सर्वांत जास्त बोली लावणारा जिंकत नाही. वास्तुरचना, खर्च, पर्यावरण आणि सामाजिक बाजू अशा चार कसोट्यांवर निवड होते. २०१९ पासून निवासी वापरासाठी नव्याने खुल्या होणाऱ्या मोठ्या भूखंडांवर साधारण दोन तृतीयांश बांधकाम अनुदानित असले पाहिजे असा नियम झाला आणि त्या भागासाठी जमिनीचा दर प्रति चौरस मीटर बांधकामाला १८८ युरोंवर बांधला गेला. जमिनीचा दर असा आधीच बांधला नाही, तर अनुदान किती का वाढवेना, ते जमीनमालकाच्याच खिशात जाते.

उणिवाही आहेत. शहरात किमान दोन वर्षे नोंदणीकृत वास्तव्य असल्याशिवाय अर्ज करता येत नाही, म्हणून नवा आलेला माणूस, विशेषतः स्थलांतरित, आधी महागड्या आणि मुदतीच्या खासगी भाडेघरात अडकतो. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना नगरपालिकेची घरे २००६ पर्यंत जवळजवळ बंद होती. उत्पन्नाची मर्यादा मात्र बरीच वर आहे: एकट्या माणसाला वर्षाला करोत्तर पन्नास हजार युरोंहून अधिक मिळत असले तरी तो पात्र ठरू शकतो, आणि उत्पन्नाची तपासणी फक्त प्रवेशाच्या वेळी होते. पुढे श्रीमंत झालेला माणूस घरात राहतोच, अशी टीका त्यावर होते. माझे मत असे की शिक्षक, बसचालक आणि वकील एकाच जिन्याने ये-जा करतात, म्हणूनच इथल्या सार्वजनिक घराला गरिबांची वस्ती असा शिक्का बसलेला नाही, आणि त्यासाठी ही किंमत मोजणे योग्य आहे.

प्रतिसाद: तोआपायोहकर

मृण्मयीताईंनी जमिनीपासून सुरुवात केली ते फार बरे झाले, कारण सिंगापूरची गोष्ट तर सर्वस्वी जमिनीचीच आहे.

इथले गृहनिर्माण मंडळ १९६० च्या फेब्रुवारीत स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, २५ मे १९६१ रोजी, बुकित हो स्वी येथील दाट झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले. लिम किम सान यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने वर्षभरात त्याच जागेवर पहिली घरे उभी केली आणि पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून अधिक सदनिका बांधल्या. आधीच्या वसाहतकालीन संस्थेने तीन दशकांत बांधलेल्या घरांच्या हा आकडा दुपटीहून अधिक आहे. हा वेग पुढेही टिकला तो १९६६ च्या भूसंपादन कायद्यामुळे. त्या कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले, आणि पुढे मोबदला जुन्या तारखेच्या भावावर गोठवला गेला. बाजारभावाने मोबदला देणे २००७ मध्येच सुरू झाले. १९६० साली निम्म्याहून कमी जमीन सरकारची होती, आज सुमारे नव्वद टक्के आहे. ज्यांच्या जमिनी आणि गावे गेली त्यांच्यावर या मोबदल्यात अन्याय झाला, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. सिंगापूरची स्तुती करणारे बहुतेक लेख हा भाग वगळतात.

पैशाची व्यवस्था वेगळ्या प्रकारची आहे. १९६४ साली मालकीची योजना आली, पण लोकांकडे आगाऊ भरायला पैसे नव्हते. १९६८ मध्ये सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतली शिल्लक घरासाठी वापरायची मुभा मिळाली आणि मालकी झपाट्याने वाढली. आज सुमारे ८० टक्के रहिवासी मंडळाच्या घरात राहतात आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांकडे मालकी आहे. नवी घरे अनुदानित दराने मिळतात, पाच वर्षे स्वतः राहिल्याशिवाय ती विकता येत नाहीत, आणि मोक्याच्या जागी आता हीच अट दहा वर्षांची केली आहे.

तिसऱ्या प्रश्नाला इथे दोन उत्तरे आहेत. रोजची देखभाल, म्हणजे लिफ्ट, झाडलोट, सामाईक दिवे, ही नगर परिषदांकडे असते. प्रत्येक घर मासिक शुल्क देते आणि त्यातला ठरावीक भाग कायद्याने राखीव निधीत टाकावाच लागतो. लिफ्ट बदलणे किंवा इमारतीला नवा रंग देणे त्याच निधीतून होते. मोठे नूतनीकरण सरकारी खर्चाने होते, नागरिक त्यात लहानसा वाटा देतो. थकबाकीदारांकडून वसुली नेटाने केली जाते, आणि ज्यांना खरोखर जमत नाही त्यांना सवलतीचे परतावे मिळतात.

पण पट्ट्याचा प्रश्न सुटलेला नाही. ९९ वर्षे संपली की घर सरकारजमा होते आणि मोबदला मिळत नाही. साठच्या-सत्तरच्या दशकांतल्या घरांचे आयुष्य आता निम्म्यावर आले आहे, त्यांच्या किमतींवर त्याचा परिणाम दिसू लागला आहे, आणि अनेकांची म्हातारपणाची पुंजी त्याच घरात अडकलेली आहे. ठरावीक वस्त्या मुदतीआधी सरकारने परत घेण्याची योजना २०१८ मध्ये जाहीर झाली, पण सर्व इमारतींना ती मिळेल असे कोणीही सांगितलेले नाही.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि परिसरात चिनी, मलय, तसेच भारतीय व इतर अशा गटांची कमाल मर्यादा ठरलेली आहे, जेणेकरून एका वंशाच्या वेगळ्या वस्त्या होऊ नयेत. हेतू चांगला आहे आणि माझ्या मजल्यावर तो रोज साध्य होताना दिसतो. मात्र इमारतीतला चिनी वाटा भरलेला असेल तर भारतीय मालकाला चिनी ग्राहकाला घर विकता येत नाही, ग्राहक कमी होतात आणि किंमत पडते. परवान्यावर नोकरीला आलेल्यांना ही घरे विकत घेता येत नाहीत. ते भाडेकरू म्हणूनच राहतात. आणि ज्या परदेशी मजुरांनी या इमारती बांधल्या ते तर शहराच्या कडेला असलेल्या मजूर-वसतिगृहांत राहतात. ८० टक्क्यांच्या त्या आकड्यात ते धरलेलेच नाहीत.

प्रतिसाद: टेम्सकाठचा

इंग्लंडमधील एका नगर परिषदेच्या गृहविभागात मी काम करतो. इथली कहाणी मी दुःखानेच लिहितो, कारण बांधण्याची क्षमता, कायदा आणि लोकांचा विश्वास या देशाकडे तिन्ही होते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या १९१९ च्या कायद्याने नगर परिषदांना केंद्राच्या अनुदानावर घरे बांधण्याची जबाबदारी दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्युरिन बेव्हन यांच्याकडे आरोग्याबरोबर गृहनिर्माणही होते. संख्या कमी झाली तरी चालेल पण घर प्रशस्त हवे, असा त्यांचा आग्रह होता, आणि १९४९ च्या कायद्यातून ‘कामगार वर्गासाठी’ ही अट त्यांनी काढून टाकली. मृण्मयीताईंनी व्हिएन्नातल्या ज्या सामाईक जिन्याचा उल्लेख केला तोच विचार त्यामागे होता. १९८० च्या सुमारास देशातली जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे परिषदेच्या घरात राहत होती.

१९८० च्या कायद्याने भाडेकरूंना घर विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षे राहिलेल्याला ३३ टक्के सवलत, आणि जुन्या भाडेकरूला ५० टक्क्यांपर्यंत. अनेक कुटुंबांना पहिल्यांदाच मालमत्ता मिळाली, हे खरे आहे आणि त्यांचा आनंदही खरा होता. पण विक्रीतून आलेला पैसा नवी घरे बांधण्यास मोकळेपणाने वापरण्यास परिषदांना मनाई होती. इंग्लंडमध्ये आजवर सुमारे वीस लाख घरे विकली गेली आणि त्यांच्या जागी फारच थोडी आली. बागेची स्वतंत्र घरे आधी गेली, मनोऱ्यांतल्या सदनिका मागे राहिल्या, आणि त्यांत राहणारे लोक अधिकाधिक गरीब होत गेले. लंडनमध्ये विकलेल्या सदनिकांचा मोठा हिस्सा आता खासगी मालकांच्या हाती आहे, आणि बेघर कुटुंबाला ठेवण्यासाठी परिषद कधीकाळी स्वतःचीच असलेली सदनिका बाजारभावाने भाड्याने घेते, असेही घडते. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवासात आहेत आणि त्यावर परिषदांचा वर्षाला दोन अब्ज पौंडांहून अधिक खर्च होतो. स्कॉटलंडने हा विक्रीचा हक्क २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये संपवला. इंग्लंडने तो ठेवला, पण २०२४ च्या अखेरीस सवलत मोठ्या प्रमाणात कमी केली.

देखभालीबद्दल एक अनुभवाची गोष्ट. एकाच इमारतीत अर्ध्या सदनिका परिषदेच्या आणि अर्ध्या विकलेल्या असतात, तेव्हा छत किंवा लिफ्ट बदलण्याचा निर्णय अतिशय अवघड होतो. भाडेकरूच्या वाट्याचा खर्च भाड्यातून निघतो, पण मालक झालेल्या वृद्ध जोडप्याला एकरकमी मोठे बिल येते आणि ते त्यांना झेपत नाही. त्यात केंद्र सरकारने २०१६ पासून चार वर्षे सामाजिक घरांची भाडी दर वर्षी एक टक्क्याने कमी करायला लावली. भाडेकरूला त्या वेळी दिलासा मिळाला, पण दुरुस्तीचा पैसा आटला. जून २०१७ मध्ये लंडनमधील ग्रेनफेल या सार्वजनिक घरांच्या मनोऱ्याला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. पुढे २०२३ च्या कायद्याने सामाजिक घरांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाचे अधिकार वाढवले आणि ओल, बुरशी यांसारख्या तक्रारींवर ठरावीक मुदतीत काम करणे बंधनकारक करण्याची तरतूद झाली. चाळीस वर्षे आधी व्हायला हवे होते ते आता होत आहे.

प्रतिसाद: डेल्फ्टवासी

नेदरलँड्सबद्दल थोडक्यात. इथे सुमारे २९ टक्के घरे स्वतंत्र गृहमंडळांची आहेत, आणि १९०१ च्या गृहनिर्माण कायद्यापासून ही परंपरा चालत आली आहे. १९९० च्या दशकात सरकारने अनुदान बंद केले. तेव्हापासून ही मंडळे परस्परांच्या हमीवर स्वस्त कर्ज उभारतात. पण मंडळांकडे साठलेली मालमत्ता पाहून सरकारने २०१३ मध्ये त्यांच्यावरच भाडेकर बसवला, तो २०२३ मध्ये रद्द होईपर्यंत मंडळांचे अब्जावधी युरो गेले आणि नवे बांधकाम मंदावले. ॲमस्टरडॅममध्ये सामाजिक घरासाठी दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते. घरे विकली नाहीत तरी त्यांचा निधी दुसरीकडे वळवून तोच परिणाम साधता येतो, हे ब्रिटनच्या उदाहरणाबरोबर लक्षात ठेवावे.

प्रतिसाद: कन्नमवारनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. व्हिएन्नात भाडी गोठली आणि जमीन स्वस्त झाली, हे वाचून मी थबकलो, कारण मुंबईतही भाडी गोठली होती. मग इथे तसे का घडले नाही? आणि आमच्या पुनर्विकासाच्या करारात देखभालीबद्दल नेमके काय मागावे? या क्षेत्रातल्या कोणी सांगितले तर तो मजकूर मी सोसायटीपुढे ठेवीन.

प्रतिसाद: निवृत्त_अभियंता

सार्वजनिक बांधकामाच्या नोकरीत माझे आयुष्य गेले, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

व्हिएन्ना आणि मुंबई यांच्या तारखा शेजारी ठेवल्या तर आश्चर्य वाटते. मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ चा. बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या त्या १९२० च्या दशकात, म्हणजे ब्राइटनर यांचा कर सुरू होता त्याच वर्षांत. इथेही वेगळा कर होता, कापसाच्या गासडीमागे एक रुपया. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता; प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या, प्रत्येकीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. फरक असा की ती योजना गव्हर्नरच्या इच्छेने आली आणि त्याच्याबरोबर ओसरली. त्या खोल्यांत राहणाऱ्या गिरणी कामगाराला कायदेमंडळात बसणाऱ्यांना निवडून देण्याचा अधिकारच नव्हता. व्हिएन्नात १९१९ पासून प्रौढ मताधिकारावर नगरपालिका निवडली जात होती आणि कामगार हाच तिचा मतदार होता.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर थांबली. खासगी भाडेघरांचे बांधकाम हळूहळू आटले, ते व्हिएन्नासारखेच. पण पडलेल्या बाजारात जमीन घेणारी संस्था इथे उभी राहिली नाही. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने वसाहती बांधल्या, त्या पुष्कळ चांगल्याही होत्या. तुमची वसाहत त्याच परंपरेतली आहे. पुढे भाड्याची घरे रहिवाशांच्या नावे झाली आणि जमीन सोसायट्यांना पट्ट्याने दिली गेली. टेम्सकाठच्या मित्रांनी वर्णन केलेली १९८० ची वाट आपण आधीच चालू लागलो होतो. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत तर सरकारने पैसा घातलाच नाही: विकासकाने मोफत घरे बांधावीत आणि बदल्यात मिळालेले जादा चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाची जादा परवानगी, वापरून बांधलेली घरे बाजारात विकावीत. त्यातून दोन लाखांहून अधिक कुटुंबांना पक्के घर मिळाले, ही गोष्ट मोठी आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. पण जिथे जमिनीचा भाव चढा तिथेच योजना चालली, आणि विकासकाचा हिशेब चावी दिल्यावर संपला. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे, खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, आणि अशा घरांचा क्षयरोगाशी संबंध दाखवणारा अभ्यासही झालेला आहे.

लिफ्टबद्दल अमेरिकेतले एक उदाहरण मी प्रत्येक तरुण अभियंत्याला सांगत आलो. सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो वसाहतीत अकरा मजल्यांच्या ३३ इमारती १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या. बांधकामाचा पैसा केंद्र सरकारचा होता, पण देखभाल रहिवाशांच्या भाड्यातून करायची होती. शहरातले रोजगार आणि लोक कमी झाले, सदनिका रिकाम्या पडल्या, भाड्याचे उत्पन्न घटले, दुरुस्ती थांबली आणि राहिलेले लोकही निघून गेले. १९७२ पासून त्या इमारती पाडायला सुरुवात झाली. आराखड्यात दोष होते, पण त्याच उंचीच्या इमारती सिंगापुरात आजही नीट उभ्या आहेत.

आता कराराविषयी. तुमच्या चार-पाच मजली इमारतीच्या जागी वीस-बावीस मजले आले की मासिक खर्च कित्येक पटींनी वाढतो: लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, पंप, जनित्र, सांडपाणी प्रक्रिया. म्हणून विकासकाकडून या खर्चाचा मजलानिहाय अंदाज लेखी मागा, आणि त्यावरून देखभाल-ठेवीची रक्कम ठरवा. एखादा गोल आकडा मान्य करू नका. ती ठेव सभासदांत वाटण्याचा ठराव कोणी आणेल, त्याला ठाम विरोध करा, आणि केवळ व्याजच वापरता येईल अशी अट करारात घाला. विक्रीच्या इमारतीचे आणि तुमच्या इमारतीचे पाणी, वीज व लिफ्ट यांचे मीटर वेगळे आहेत का, आणि सामाईक आवार कोणाच्या ताब्यात राहणार, हे नकाशावर दाखवून घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत, आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत घालण्याची तरतूद आहे. बहुतेक सोसायट्या जुन्या किमतीवर हिशेब करून नाममात्र रक्कम जमवतात. तुम्ही नव्या इमारतीच्या खर्चावर तो पहिल्या महिन्यापासून सुरू करा. संरचनात्मक तपासणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायची असते, तिचा खर्चही त्यातच धरा.

ज्या वृद्ध सभासदांना हे मासिक शुल्क झेपणार नाही त्यांची यादी सह्या करण्याआधी तयार करा. सिंगापुरात सवलतीच्या परताव्यासाठी सरकार आहे. इथे ती तरतूद तुम्हालाच करावी लागेल, आणि सोपा मार्ग म्हणजे आवारातील एखादे दुकान किंवा सदनिका सोसायटीच्या नावे मागून घेणे, जिचे भाडे केवळ या सभासदांच्या शुल्कापोटी वापरले जाईल. विकासकाशी वाटाघाटी करताना दहा चौरस फूट जास्त मागण्याऐवजी ही मागणी पुढे ठेवा. नव्या पट्टाकराराची मुदत, नूतनीकरणाची अट आणि भुईभाडे ठरवण्याची पद्धत हे तीन मुद्दे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय जुने घर रिकामे करू नका.